सरकारी ऑनलाइन सेवा बांधायची आणि वर्षानुवर्षं चालती ठेवायची: गोव्यातल्या कामातून शिकलेलं

सरकारी सेवेचं काम हातात आलं की बहुतेक टीम पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून लॉगिनचं पान करायला घेतात. मला दरवेळी सांगावंसं वाटतं की थांबा, आधी दोन दिवस कचेरीत जाऊन बसा. मी डिचोलीचा, दाखले, अर्ज, फी भरणं असल्या सिस्टम बांधायच्या आणि मुख्य म्हणजे बांधून झाल्यावर चालू ठेवायच्या कामात आहे. माणूस घरातून निघाल्यापासून हातात उपयोगाचा कागद मिळेपर्यंत जे जे होतं त्या सगळ्याला मी सेवा म्हणतो, पोर्टल त्यातला एक तुकडा झाला. खाली जे लिहितोय ते उत्पन्नाच्या दाखल्यासारखी साधी सेवा डोळ्यांसमोर ठेवून वाचा, बाकीच्या सेवांना थोड्या फरकाने तेच लागू पडतं.

सुरुवात काउंटरवरून

एका मामलेदार कचेरीत मी असाच बसलो होतो. सत्तरी तालुक्यातल्या गावातून एक बाई आलेल्या, सोबत प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घड्या घालून. क्लार्कने अर्ज भरायला घेतला आणि म्हणाला, "मावशी, ओटीपी आला काय बघा." त्या म्हणाल्या, "नंबर पोराचा दिलाय बाबा, तो बोटीवर असतो." म्हणजे ओटीपी जाणार कुठल्यातरी समुद्रात, तिथे नेटवर्क आलं तरी मुलाची ड्युटी चालू, आणि आमच्या कोडमध्ये ओटीपी दहा मिनिटांत बाद. मावशी त्या दिवशी तशाच परत गेल्या, बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही गेलं. ऑफिसात बसून आम्हाला हे कधीच सुचलं नसतं कारण आमच्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन आहे.

तर काउंटरवर बसून काय टिपायचं? अर्ज किती हातांतून जातो (तलाठ्याचा अहवाल, मग हेडक्लार्क, मग मामलेदारांची सही), प्रत्येक ठिकाणी कशाची वाट बघतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोकांना परत का पाठवलं जातं. एक साधी वही घ्या आणि दोन दिवस फक्त परत पाठवल्याची कारणं लिहा. रेशन कार्डावर नाव वेगळं, फोटो मोठा, झेरॉक्स पुसट, मालकाचं पत्र नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, वीस-पंचवीस कारणं लिहिलीत की तीच तीच परत यायला लागतात, आणि तुमच्या फॉर्मची खरी डिझाइन त्या वहीत असते.

इथेच आणखी एक विचारून घ्या. गोव्यात २०१३ सालचा वेळेत सेवा देण्याचा कायदा आहे, त्याखाली अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत ठरलेली असते. तुमच्या सेवेला किती दिवस, आणि मोजायला कधी सुरुवात होते हे खात्याकडून लेखी घ्या. अर्ज त्रुटीसाठी नागरिकाकडे परत गेला तर घड्याळ थांबतं का, हेही विचारा. हे कोडमध्ये पहिल्यापासून नसलं तर नंतर घालताना फार जीव जातो, कारण तोवर हजारो अर्जांच्या तारखा अर्धवट नोंदवलेल्या असतात.

नावं आणि गावं, इथे घाई करू नका

गोव्यात नाव या एका रकान्यावर आठवडा घालवला तरी तो वाया जात नाही. १९६१ पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीज पद्धतीच्या रोमन स्पेलिंगमध्ये आहेत. नाईक आडनावाच्या शेवटी तिथे क्यू-यू-ई असतं, शेटची सुरुवात एक्सने होते, कामतचं तर कामोतिम झालेलं असतं. आजोबांच्या जन्मनोंदीत एक, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात दुसरं आणि नातवाच्या आधारवर तिसरं स्पेलिंग, आणि आपलं सॉफ्टवेअर तिन्ही अक्षरशः जुळवायला जातं आणि "नाव जुळत नाही" म्हणून अर्ज फेकतं. असं करू नका. जुळणी मशीनने सुचवायची, पक्की माणसाने करायची. स्क्रीनवर दोन्ही नावं शेजारी दाखवा, खाली "तीच व्यक्ती आहे" असं बटण आणि कारण लिहायची जागा द्या, आणि कोणी कधी दाबलं ते नोंदवून ठेवा. क्लार्क रोज हेच डोक्यात करतात, आपण फक्त त्यांना ते लेखी करायची सोय द्यायची.

डिसोझा आडनावात रोमनमध्ये अपॉस्ट्रॉफी येते. कितीतरी फॉर्म हे चिन्ह घेतच नाहीत, कारण कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली ते बंद केलेलं असतं. डेटाबेसची क्वेरी पॅरामीटर वापरून लिहिली, म्हणजे माणसाने टाइप केलेलं क्वेरीत न मिसळता वेगळं पाठवलं, की या चिन्हाने काही बिघडत नाही, त्यामुळे माणसाला स्वतःचं आडनाव नीट लिहू द्या. फक्त लक्षात ठेवा, मोबाइलचा कीबोर्ड बहुतेक वेळा वाकडी अपॉस्ट्रॉफी टाकतो आणि कॉम्प्युटरचा सरळ, दोन्ही सेव्ह करताना एकच करून घ्या.

देवनागरीतही तोच घोळ. गावकर, गांवकर, गांवकार सगळे खरे. आणि कऱ्हाडकर सारखं नाव दोन प्रकारे टाइप होतं, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं पण शोधायला गेलात की एक सापडतो, एक सापडत नाही. सारखी दिसणारी अक्षरं एका रूपात आणणारी युनिकोड नॉर्मलायझेशनची तयार सोय एवढं पकडत नाही, स्वतःचा छोटा नियम घालावाच लागतो.

गावांचं तर विचारूच नका. डिचोलीचं रोमनमध्ये बिचोलिम, साखळीचं सँकेलिम, केपेचं क्वेपेम, काणकोणचं कॅनाकोना. गावाचं नाव मोकळ्या रकान्यात टाइप करायला दिलंत तर सहा महिन्यांत एकाच गावाची आठ नावं जमतात आणि मग पंचायतवार यादी काढताना रडकुंडीला येता. गोव्यात बारा तालुके आणि १९१ ग्रामपंचायती आहेत, म्हणजे यादी अगदी आवाक्यातली आहे. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला, पंचायतीला, गावाला कोड आहे, तो कोड डेटाबेसमध्ये ठेवा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं, तिन्ही भाषांत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची जागा आहे, त्यामुळे कोकणी, मराठी, इंग्रजी हे पहिल्या दिवसापासून धरून चाला.

सर्वे नंबरची बारा मार्च

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण यात आमचे तीन आठवडे गेले होते. जमिनीचा सर्वे नंबर आणि सब-डिव्हिजन आपण १२/३ असं लिहितो, एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यासोबत रोज लागणारी गोष्ट. एका खात्याने जुना डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) दिला. तिथल्या कोणीतरी फक्त बघायला म्हणून ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली आणि सवयीने सेव्ह करून बंद केली. एक्सेलला १२/३ ही तारीख वाटते, त्याने तिची १२ मार्च केली, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ नंबर फाइलमधून गेलेलाच. आम्ही ते तसंच सिस्टममध्ये चढवलं. पहिली तक्रार आली तेव्हा समजलं की शेकडो लोकांच्या जमिनीच्या जागी तारखा बसल्यात, मग मूळ रजिस्टर काढून हाताने एकेक ओळ परत टाकावी लागली.

म्हणून सर्वे नंबर आणि सब-डिव्हिजन दोन वेगळ्या रकान्यांत, दोन्ही टेक्स्ट. घर नंबरही टेक्स्ट, कारण तिथेही तिरकी रेघ आणि अ, ब असतात, फॉर्मने त्याला "चुकीचं अक्षर" म्हणू नये. खात्याला एक्सपोर्ट देताना सीएसव्ही न देता एक्सेलचीच फाइल द्या, रकाने टेक्स्ट म्हणून आधीच ठरवलेले. आणि कुठूनही डेटा आला की चढवण्याआधी एकूण ओळी मोजा, मग पन्नास ओळी मूळ कागदाशी ताडून बघा, एकट्याने करू नका, कागद हाताळणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

दाखल्याची छपाई

स्क्रीनवर मराठी छान दिसतं आणि पीडीएफमध्ये गेलं की वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षरं फुटून हलंत दिसायला लागतात. कारण असं की पीडीएफ करणाऱ्या बऱ्याच लायब्ररी देवनागरीची अक्षरजुळणी करतच नाहीत. हार्फबझ (ही अक्षरजुळणी करणारं इंजिन) वापरणारी लायब्ररी घ्या किंवा सरळ ब्राउझर इंजिनकडून एचटीएमएलचं पीडीएफ करून घ्या, फॉन्ट पीडीएफमध्येच एम्बेड करा. चाचणीला "क्षत्रिय, श्री, कऱ्हाडकर, कुर्टी, ज्ञानेश्वर, द्वितीय" असे शब्द एका पानावर छापून बघा, तेही कचेरीतल्या जुन्या प्रिंटरवर. खात्याकडे जुना मजकूर युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो वेगळं काम म्हणून धरा आणि त्याचा वेगळा वेळ मागा.

दाखल्यावर क्यूआर घालताना दोन गोष्टी. एक, त्यात आधार नंबर किंवा पत्ता भरू नका, फक्त पडताळणीची लिंक ठेवा. दुसरं, ती लिंक वीस वर्षं चालायला हवी, कारण कागद लोकांच्या कपाटात तेवढा राहतो, त्यामुळे डोमेन आणि लिंकची रचना नंतर बदलायची नाही असं ठरवूनच द्या. लिंकमध्ये १००१, १००२ असे ओळीने नंबर तर अजिबात नको. असा एक पोर्टल मी स्वतः पाहिलाय जिथे पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की शेजाऱ्याचा दाखला उघडत होता, उत्पन्नासकट. लांब रँडम ओळख वापरा, क्यूआरच्या पानावर खरं-खोटं ठरवायला लागेल तेवढंच दाखवा, आणि पूर्ण दाखला उघडायच्या प्रत्येक विनंतीला "हा माणूस हा कागद बघू शकतो का" हे सर्व्हरवर तपासा, फक्त बटण लपवून भागत नाही. दाखला डिजिलॉकरमध्येही पाठवा. २०१६ च्या नियमांनी तिथल्या कागदाला मूळ कागदाइतकं स्थान दिलंय, आणि लोकांचा दर वर्षीचा लॅमिनेशनचा खर्च वाचतो.

एसएमएस आणि ओटीपी

एसएमएस आयत्या वेळी जोडू असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पहिल्या महिन्यात सुरू करा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक मेसेजचा टेम्प्लेट डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदवावा लागतो आणि तुमचा मजकूर त्या टेम्प्लेटशी तंतोतंत जुळला नाही तर टेलिकॉम कंपनी मेसेज पुढे सोडत नाही. एका स्वल्पविरामासाठी ओटीपी अडकलेले मी बघितलेत, आणि तुमच्या बाजूला सगळं "पाठवलं" असंच दिसतं. त्यामुळे पोचल्याचा रिपोर्ट वाचायची सोय करा.

देवनागरी मेसेज ७० अक्षरांचा, त्याच्यावर गेला की ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, "क्षेत्र" हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा पण मोजणीत सात. म्हणून वाक्य छोटं ठेवा: "अर्ज मंजूर. दाखला डाउनलोड करा", पुढे अर्ज क्रमांक.

आणि बोटीवरच्या मुलाची ती मावशी? आम्ही नंतर असं केलं की काउंटरवरून भरलेल्या अर्जाला ओटीपी सक्तीचा नाही, क्लार्क मूळ ओळखपत्र बघून स्वतःच्या लॉगिनने खात्री करतो, ते नोंदलं जातं, आणि अर्जाची पावती कागदावर मिळते. एका नंबरवर घरातले कितीही अर्ज चालतात. नंबर बदलायची सोयही तिथेच, मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाची वाट बघायला लागू नये.

पैसे कापले, पावती नाही

फी पंचवीस रुपये असो की पाचशे, अडकली की माणसाचा विश्वास पूर्ण जातो. पैसे भरून झाल्यावर ब्राउझर आपल्या पानावर परत येईलच असं धरू नका, अर्ध्या वेळा सिग्नल जातो. पेमेंट गेटवेकडून (पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेकडून) सर्व्हरला थेट येणारा निरोप खरा धरा, तोही नाही आला तर दर काही मिनिटांनी आपण विचारायचं. प्रत्येक अर्जाला एकच पेमेंट क्रमांक, परत बटण दाबलं तरी दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत. आणि रोज रात्री गेटवेची यादी, बँकेची यादी, आपली यादी जुळवा, न जुळलेल्या ओळी सकाळी एका ठरलेल्या माणसाकडे जायला हव्यात. "तपासत आहोत, परत भरू नका" एवढं एक वाक्य स्क्रीनवर असलं तरी निम्मे फोन कमी होतात.

सुरक्षा

होस्ट करण्याआधी सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी आणि सेफ-टू-होस्ट सर्टिफिकेट लागतं, त्यात दोन-तीन फेऱ्या होतात, वेळापत्रकात तेवढा वेळ धरा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. सहा तास म्हणजे काहीच नाही, त्यामुळे कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच कागदावर असू द्या. सगळ्या सर्व्हरची घड्याळं एकाच वेळेशी जुळलेली ठेवा, नाहीतर लॉगवरून काय आधी घडलं तेच कळत नाही.

आधार नंबर साध्या टेबलात ठेवू नका, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या नियमाप्रमाणे त्याला वेगळा व्हॉल्ट (कुलूपबंद साठा) लागतो आणि बाकी सगळीकडे फक्त संदर्भ क्रमांक. खरंतर पहिला प्रश्न हा विचारा की आधार हवंच कशाला. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जो डेटा घेतलाच नाही तो चोरीला जात नाही.

अधिकाऱ्याची बदली विसरू नका. डिजिटल सही माणसाच्या नावावर असते, काम मात्र पदाकडे. मामलेदार बदलले की सहीचं टोकन (यूएसबीसारखी चावी) नवं येईपर्यंत फाइली अडकतात. प्रभारी अधिकाऱ्याकडे पाच मिनिटांत अधिकार देता यावेत आणि जुन्याचे त्याच दिवशी काढता यावेत, अशी सोय खात्याच्या माणसाला स्क्रीनवरच हवी, त्यासाठी आपल्याला फोन करावा लागू नये.

पावसाळा, वीज आणि नेटवर्क

जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांगे, धारबांदोडा, काणकोण, सत्तरी इथे वीज आणि नेट दोन्ही ये-जा करतं. म्हणून फॉर्म प्रत्येक पानाला आपोआप सेव्ह व्हायलाच हवा, वीज गेली तरी परत येऊन तिथूनच पुढे. फोटो आणि कागद ब्राउझरमध्येच लहान करून पाठवा, "२०० केबीच्या आत आणा" असं नागरिकाला सांगणं म्हणजे त्याला झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपये द्यायला पाठवणं. पान हलकं ठेवा. गव्हर्नमेंट वेबसाइटचे जीआयजीडब्ल्यू नियम स्क्रीन रीडर, कीबोर्ड, रंगांचा फरक सगळं सांगतात, ते पाळलं तर अंध माणसाला जमतंच आणि उन्हात फुटक्या स्क्रीनवर बघणाऱ्यालाही जमतं.

करारात काय लिहून घ्यायचं

खात्यातल्या लोकांनी हे जरूर वाचा. सोर्स कोड खात्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत) रोज जायला हवा, शेवटी सीडीवर नको. डोमेन, एसएमएस, गेटवे, क्लाउड यांची खाती खात्याच्या ईमेलवर, कंपनीच्या एखाद्या मुलाच्या जीमेलवर नको. मी एक सेवा अकरा दिवस बंद पडलेली बघितली, कारण ज्याच्या फोनवर क्लाउडचा ओटीपी जायचा तो नोकरी सोडून गेला होता. आणि देखभालीचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये धरा, उद्घाटनानंतर मागायला गेलात की मिळत नाहीत.

रोजची देखभाल

आता सगळ्यात लांबचं काम. टीएलएस सर्टिफिकेट (पोर्टलचं https ज्यावर चालतं ते) हाताने नवं करायची सवय सोडा. त्याची मुदत पूर्वी ३९८ दिवसांपर्यंत मिळायची, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलंय, त्यामुळे ऑटोमॅटिक केल्याशिवाय गत्यंतर नाही. बाहेरून दर मिनिटाला पोर्टल बघणारा मॉनिटर लावा, पण त्याने फक्त होमपेज न बघता खोटा अर्ज भरून शेवटपर्यंत जावं, कारण होमपेज चालू आणि अर्ज बंद हे फार वेळा होतं.

बदल कधी चढवायचा? मंगळवार-बुधवारी सकाळी, कचेरी उघडी असताना. शुक्रवारी संध्याकाळी नाही, योजनेच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात नाही, चतुर्थीच्या आधी तर नाहीच, सगळा गोवा मूळ घरी गेलेला असतो आणि फोन उचलायला कोणी नसतं. निकाल लागून प्रवेश सुरू होतात तेव्हा दाखल्यांची गर्दी उसळते, त्याच्या महिनाभर आधी लोड टेस्ट (एकदम खूप लोक आले तर सिस्टम टिकते का याची चाचणी) करा.

बॅकअप सगळेच घेतात, परत उभा करून कोणी बघत नाही. तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या सर्व्हरवर कालचा बॅकअप उतरवा, घड्याळ लावा, शेवटचा अर्ज दिसतो का बघा, अपलोड केलेले कागद उघडतात का बघा. आमच्या पहिल्या सरावात डेटाबेस पूर्ण आला पण स्कॅन केलेल्या कागदांचा फोल्डर बॅकअपमध्ये कधी घातलाच नव्हता हे कळलं, तेव्हापासून मी हा सराव कुणाच्या सांगण्यावर सोडत नाही, स्वतः हजर राहतो.

आणि ती काउंटरवरची वही बंद करू नका. आमच्याकडे दर सोमवारी साडेदहाला टीममधला एक जण आळीपाळीने कुठल्यातरी तालुक्याच्या कचेरीत जाऊन तासभर क्लार्कच्या शेजारी बसतो, गेल्या आठवड्यात कोणाला का परत पाठवलं ते लिहून आणतो, आणि दुपारी आम्ही त्यातलं एक कारण निवडून त्याच आठवड्यात दुरुस्त करतो.